टोपलीखालचे पीठ

चि. रघुनाथ यास,

‘चि.’ हे अक्षर लिहिले आणि लेखणी तेथेच थांबली. धाकट्याला पत्र लिहिताना जन्मभर हाताला हेच वळण. आता तुझ्या नावामागे कोणते अक्षर लिहावे हे मला ठाऊक आहे. इतरांच्या पत्रिकांवर ते मी कितीदा तरी लिहून दिले आहे. तुझ्यासाठी ते लिहायला हात वळत नाही. तेव्हा हे असेच राहू दे.

परवा तुझी तिथी. वर्ष पुरे होत आहे. आपली कुसुम उद्या दुपारच्या गाडीने जामसंड्याहून येईल. ती येण्यापूर्वी मला एका गोष्टीचा निर्णय करावयाचा आहे, आणि जिच्याबद्दल केवळ तुलाच विचारावे अशी ती गोष्ट आहे. म्हणून लिहावयास बसलो.

रघू, तुझे पीठ अजून तेथेच आहे.

मधल्या खोलीत, खिडकीखाली, जेथे तुझी खाट होती आणि जेथे तू डोळे मिटलेस, त्या जागी दहाव्याच्या संध्याकाळी मी आपल्या रीतीप्रमाणे तांदळाचे पीठ चाळून पसरले, बाजूला समई लावली आणि पिठावर वेताची टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठावर कोणाचे पाऊल उमटले आहे ते पाहायचे, गाईचे, पाखराचे की माणसाचे. त्यावरून गेलेला जीव कोणत्या वाटेने गेला ते ताडायचे. मग पीठ गोळा करून वाहत्या पाण्यात किंवा समुद्रात सोडायचे. रीत एवढीच. त्यातले पाहण्याचे काम झाले. सोडण्याचे झाले नाही. टोपली मी पुन्हा पालथी घातली, मांजराने ढकलू नये म्हणून तिच्यावर पाट ठेवला, आणि आज वर्ष होत आले तरी ती तशीच आहे.

कट्टा गावच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवलेला, देवळात चातुर्मासात पुराण सांगणारा, ज्याच्याकडे सारी वाडी शास्त्रार्थ विचारावयास येते असा मी. माझ्याच घरात हे असे घडावे, याचे तुला हसू येईल. ये, हस. या घरात कोणी हसून बरेच दिवस झाले.

थोरल्याने धाकट्याचे उत्तरकार्य करू नये असा संकेत आहे. तो मी लोकांना सांगतही असे. परंतु तू लग्न केले नाहीस, मला संतान नाही, आणि तुझी वहिनी तर तुझ्याही आधी गेली. करणार दुसरे कोण? पिंड ठेवताना तुझे नाव आणि गोत्र उच्चारले आणि वाटले, हा उच्चार उलट्या दिशेने व्हावयास हवा होता. माझे नाव, तुझा आवाज. तू मंत्र चुकला असतास, आणि मी वरून ऐकून चिडलो असतो.

तुला आईची गोपद्मे आठवतात का? चातुर्मासात ती देवापुढे रांगोळीने गाईची पावले काढत असे, एकसारखी, ओळीने. तू तेव्हा तिच्या कमरेएवढा. पाटावर हनुवटी टेकून तू ती पाहत होतास आणि एकाएकी म्हणालास, “आये, ही गाय चलत नाय. ही उभीच आसा.”

“कित्याक रे?”

“सगळे पाय एकासारकेच. चलताना एक पाय फुडे नको?”

आईने तुला बाहेर पिटाळले. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिले, तिने एक पाऊल किंचित पुढे काढले होते. ती तुला काही बोलली नाही. मीही बोललो नाही. हे तुला सांगावयाचे राहून गेले होते, ते आज सांगतो.

पुढे तू पावलेच वाचत गेलास. ओहोटीला किनाऱ्यावर जाऊन खेकड्यांचे, टिटव्यांचे, कुत्र्यांचे माग काढायचे, आणि मी संध्येला हाक मारली तरी यावयाचे नाही. मग भूगर्भाचे शिक्षण, मग ते दूरचे वाळवंट. मला तुझी एक तक्रार करावयाची आहे. चतुर्थीला येऊन दोन दिवसांत परत निघणारा तू, तिकडे मात्र एका दगडापाशी महिना महिना बसत असस. असा काय त्या दगडात आप्त होता तुझा?

तो आप्त पाहावयास मी आणि कुसुम आलो होतो, ते आमचे तिकडचे एकच येणे. जैसलमेरच्या पुढे तुझ्या जीपने नेलेस. चहूकडे वाळू, काटेरी झुडपे, आणि मध्येच उघडा पडलेला पिवळट तपकिरी खडक, थरांवर थर रचलेला. त्याच्या अंगावर बारीक वळ्या होत्या. त्या पाहून कुसुम थबकली. “ह्यां तर आपल्या वेळेसारख्याच दिसता,” ती म्हणाली. ओहोटीनंतर आपल्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पाणी ज्या वळ्या सोडून जाते त्या.

“वेळाच होती ती, ताई,” तू म्हणालास. “येथे समुद्र होता. भरती-ओहोटी होती. माणूस नव्हता, एवढाच फरक.”

आणि मग तू ते दाखवलेस. खडकात रुतलेले तीन बोटांचे पाऊल. माझी वीत त्यात सहज मावली असती. मी पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

“दादा, वहाणा कशाला काढल्यास? दगड तापला आहे.”

“पाऊल आहे ना?”

“जनावराचे.”

“गोपद्मही जनावराचेच असते.”

तू माझ्याकडे पाहिलेस आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागलास. “दोगांचेय पाय भाजले काय माका सांगू नकात,” असे म्हणत कुसुम सावलीला जाऊन उभी राहिली, ती चपला घालूनच.

मी तुला गयेचे सांगितले. तेथेही खडकावर पाऊल आहे, आणि आपण पितरांचे पिंड त्या पावलावरच ठेवतो. “म्हणजे, दादा, तू आणि मी एकाच धंद्यातले,” तू म्हणालास. मला तेव्हा ते थोडे लागले. आता वाटते, तुझ्या तोंडून माझ्याविषयी निघालेला तो सर्वांत आपलेपणाचा शब्द होता.

इतक्या काळानंतर ते टिकले कसे, असे कुसुमने विचारले. तू तिला स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलेस. मोदकाची उकड कोरडी असली तर बोट दाबताच तडकते. पातळ असली तर बोटाचा खळगा आपोआप भरून येतो. मधली ओल असली तरच ठसा राहतो. “आणि तेवढ्याने भागत नाही,” तू म्हणालास. “तो लगेच झाकला गेला पाहिजे. वर दुसरा थर येऊन बसला पाहिजे. उघडे राहिलेले पाऊल पुढच्या भरतीला जाते.”

“पण झाकला तर दिसतलो कसो?” कुसुम म्हणाली.

“तेच तर आहे, ताई. झाकलेला असतो तोवर टिकतो. उघडला की दिसतो, आणि दिसू लागला की झिजूही लागतो.”

तिने आणखी विचारले, की एवढ्या जनावराला शेपूट असणार, मग दोन पावलांच्या मधून तिची रेघ कशी नाही? तू खूश झालास. शाळेत असताना माझ्या वर्गात असा प्रश्न कोणी विचारला असता तर मीही झालो असतो. शेपूट वर उचलून चालत असेल, तू म्हणालास. ओढली असती तर रेघ उमटली असती. घाईत होता की सावकाश, ते दोन पावलांतल्या अंतरावरून कळते. हा सावकाश चालला होता. कोण होता, कोठे निघाला होता, ठाऊक नाही. पण निवांत होता.

खडकाच्या दुसऱ्या बाजूला, एका फुटक्या कडेपाशी, मला तसाच आणखी एक खळगा दिसला. मी उत्साहाने तुला हाक मारली. तू गुडघ्यावर बसून पाहिलेस आणि म्हणालास, “असेल. नसेलही. एकट्या ठशाला आम्ही पाऊल म्हणायला कचरतो, दादा. पाण्याने झाला असेल, दगड निघून गेला असेल. पुढचे पाऊल दाखव, मग बोलू.” पुढे कडाच तुटली होती.

हे सारे मी कशासाठी लिहितो आहे ते तुला समजले असेल.

तुझे दुखणे घेऊन तू घरी आलास तेव्हा मला, खोटे कशाला बोलू, दुःखाच्या आत कोठेतरी आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तू चतुर्थी उलटून गेल्यावरही राहिलास. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी तुझे वाद, संध्याकाळी माझे पारायण आणि तुझे मधेच विचारलेले आडवे प्रश्न. समोरच्या घरची इंदूवहिनी मासे विकून परतताना खिडकीपाशी टेकून बसायची. एकदा तिच्यादेखत तू मला म्हणालास, “दादा, माझे पीठ पसरशील तेव्हा बारीक चाळ. आणि अगदी कोरडे ठेवू नकोस. कोरड्यात ठसा ढासळतो.”

“असां अभद्र बोला नको, भावोजी,” ती म्हणाली.

“अभद्र कसले, वहिनी? मी पाखरू होऊन आलो, तर पहिली धाड तुमच्या सुकत घातलेल्या बांगड्यांवर.”

“येवा तर खरे. काठी घेवनच बसलंय.”

तुला सांगतो, रघू, तुझ्यामागे ती सुक्या मासळीपाशी काठी घेऊन बसत नाही. वाडीतले कावळे माजले आहेत. कोणी विचारले तर म्हणते, हात दुखता.

दहाव्याला मी पीठ बारीक चाळले. तू सांगितले होतेस म्हणून दर्भाने त्यावर तुळशीचे पाणी अगदी हलके शिंपडले. शास्त्रात असे कोठे नाही. तेथे मी प्रथमच शास्त्राऐवजी तुझे ऐकले.

सकाळी टोपली उचलली तेव्हा कुसुम, इंदूवहिनी आणि मी, तिघेच होतो. मला आधी काहीच दिसले नाही. पीठ निवळ पांढरे होते. मग इंदूवहिनी खाली वाकली.

“मास्तरानु, ह्यां बगा. पाखराचां पाऊल.”

“खंय?” कुसुम म्हणाली.

“हयसर गो, समईच्या उजवेक. तीनव बोटां सरळ दिसतत. मास्तरानु, चष्मो लावा.”

मी चष्मा लावला. तीन रेघा होत्या. एका बिंदूतून निघालेल्या, मधली थोडी लांब. कुसुम तेथेच बसली आणि पदराने तोंड झाकून रडू लागली; मला ते रडणे सुटकेचे वाटले. “पाखरू झालो गो माझो भाव,” ती म्हणत होती. “सुटलो. दुखण्यातसून सुटलो.”

आणि मी काय पाहत होतो? मी ते वाळवंटातले पाऊल पाहत होतो. तीच तीन बोटे. त्याच क्षणी दुसरा विचारही आला, की पाणी शिंपडताना दर्भाची टोके पिठाला लागली असतील. दर्भाच्या तीन काड्या अशाच रेघा काढतील. किंवा टोपलीचा निघालेला एखादा वेत टेकला असेल. मला ठरवता येईना. मी पुढचे पाऊल शोधले. नव्हते. एकच होते.

तू असतास तर गुडघ्यावर बसून क्षणात सांगितले असतेस. ‘दर्भ आहे, दादा,’ असे म्हणाला असतास तर मी निमूट मान्य केले असते. ‘पाऊल आहे’ म्हणाला असतास तर तेही. जे कळण्यासाठी तू हवा होतास, ते तू नसल्यामुळेच तेथे उमटले होते. अशा वेळी मनुष्याने काय करावे? मी झाकून ठेवले. झाकलेले टिकते, हे तूच सांगितले होतेस.

कुसुमला म्हणालो, नंतर सोडू. नंतर म्हणजे तेराव्यानंतर, मग महिन्यानंतर, मग पावसाळा ओसरल्यानंतर. माझी अंथरूण-पथारी मी मधल्या खोलीत आणली. पावसाळ्यात भिंतींना ओल आली, पोथ्यांना वास येऊ लागला. त्या मी वरच्या फळीवर हलवल्या, पण टोपली हलवली नाही. सकाळी पूजा झाली की तिच्या शेजारी बसून पेज पितो. कोणी आले तर मोठ्याने बोलत नाही. देवळात पुराणाला आता चार म्हातारी माणसे असतात, त्यांतली दोन डुलक्या घेतात. आडवा प्रश्न विचारणारे कोणी नाही. अर्थ सांगताना मी स्वतःच थांबतो आणि तू येथे काय म्हणाला असतास ते मनात म्हणून घेतो. मग त्याला उत्तर देतो. उत्तर नेहमी माझेच खरे ठरते, आणि त्यात काही गोडी नसते.

श्रावणात एके सकाळी टोपलीवरच्या पाटावर जास्वंदीचे फूल दिसले. दुसऱ्या दिवशी दोन. इंदूवहिनीला विचारले, तर म्हणाली, खालच्या वाडीतली एक बाई नमस्कार करून गेली. तिचा मुलगा ट्रॉलरवर गेला आहे, तो बरा परत यावा म्हणून. मी चिडलो.

“वहिनी, हे देवस्थान नव्हे.”

“तां तुमी सांगा तिका. तुमीच आठ-नव म्हयने झाकून ठेवलास, वर पाट ठेवलास, बाजूक बसून जेवतास. माणसां काय समजतली?”

मी काय सांगणार? दगडाला देवपण कसे येते हे मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो. पिठाला ते येऊ लागलेले माझ्याच घरात पाहिले, आणि आणणारा मीच होतो. फुले उचलून तुळशीत ठेवली. इंदूवहिनीला म्हटले, कृपा करून कोणाला आत आणू नकोस. तिने आणले नाही. पण त्यानंतर ती स्वतःही खिडकीपाशी टेकेनाशी झाली, आणि दुपार फार लांब होऊ लागली.

गेल्या आठवड्यात कुसुमचा फोन आला.

“दादा, तां पीठ अजून तसांच आसा मा?”

“आहे.”

“गावाक शास्तर सांगतंस, आणि सख्ख्या भावाक टोपलेखाली धरून ठेवतंस? तुझी टोपली वर असताना तो जातलो खंय?”

“रघूचा यावर विश्वास नव्हता, कुसुम.”

“तुझो आसा मा?”

ती पुढे म्हणाली, की या खेपेला पीठ सोडायचे, घराला कुलूप लावायचे आणि मी तिच्याबरोबर जामसंड्याला जाऊन राहायचे. तिच्या सुनेने खोलीही रिकामी केली आहे. मी म्हटले, पीठ येथे असताना मी घर सोडून कसा येऊ? ती म्हणाली, “बघ म्हणजे. कोणी कोणाक धरून ठेवलां हा.”

तिचे ते वाक्य ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. माझा विश्वास खरा असेल, तर वर्षभर मी तुझी वाट अडवून बसलो आहे. तुझे मत खरे असेल, तर टोपलीखाली केवळ शिळे पीठ आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून जेवतो आहे. दोन्ही बाजूंनी ते सोडणेच प्राप्त आहे. हे मला आठवडाभर कळत आहे. परंतु ते सोडले की तुझ्याविषयी मला न सुटलेला एकही प्रश्न उरणार नाही. कोडे होते तोवर तू होतास. उद्यापासून कोणत्या निमित्ताने मी तुझ्याशी बोलावे?

येथवर लिहून मी उठलो होतो. मधल्या खोलीत जाऊन आलो आहे. आता पुन्हा लिहितो.

उद्या कुसुमसमोर टोपली उचलली असती, तर ती आधी रडली असती आणि मला पाहावयास मिळाले नसते. म्हणून आजच उचलली. दुपारचे ऊन खिडकीतून सरळ तेथे पडले होते. पाट बाजूला केला. टोपलीचा काठ जमिनीला थोडा चिकटला होता, तो हलकेच सोडवला. आंबूस वास आला.

ते पीठ आता पीठ राहिलेले नाही, रघू. पावसाळ्याची ओल पिऊन त्याची कडक पोळी झाली आहे, करड्या रंगाची, मध्ये मध्ये हिरवट. कार्तिकातल्या उन्हाने ती तडकली आहे, उन्हाळ्यात शेताची माती तडकते तशी. ज्या जागी इंदूवहिनीने बोट ठेवले होते, समईच्या उजवीकडे, तेथून एक रुंद भेग गेली आहे. तीन रेघा नाहीत. त्या होत्या याचीही काही खूण नाही. दर्भ होता की पाखरू, ते आता कोणालाही कळणार नाही. तू प्रत्यक्ष आलास तरी तुलाही नाही.

मी बराच वेळ तसाच बसलो. मग ऊन थोडे तिरपे झाले, आणि दिसू लागले.

साऱ्या पोळीवर कोणी ना कोणी चालून गेले होते. कडेला किड्यांचे धाग्यासारखे माग, एकमेकांवरून गेलेले. आणि मधून, भिंतीच्या बाजूने आत आलेली, इवल्या पसरट बोटांची पावले, उजवे, डावे, उजवे, डावे, आणि दोहोंच्या मधून नागमोडी रेघ. शेपटीची रेघ. मी जमिनीवर ओणवा झालो. या वयात ते किती अवघड आहे ते तुला काय सांगू! ती पाल होती. श्रावण-भाद्रपदात केव्हातरी, पीठ ओले असताना, टोपलीच्या फटीतून आत शिरली असावी. मध्यभागी थांबली होती. तेथे पावले जवळ जवळ आली होती आणि रेघ एका बाजूस वळली होती. एखाद्या किड्यावर नेम धरला असेल. मग अंतर एकदम वाढले होते. धावली. नंतर पुन्हा सावकाश, दाराच्या बाजूने बाहेर.

मला हे सारे वाचता आले. कोणी शेजारी नसताना वाचता आले. आणि मी मोठ्याने म्हणालो, “रघू, इकडे ये. ही बघ, येथे थांबली आहे.” म्हणालो आणि सवयीने मान वर करून खाटेवर तुला शोधले. खाट तर मीच गेल्या वर्षी अंगणात काढून ठेवली होती, आणि तिच्याच जागी मी ओणवा होतो. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता, आणि समोरच्या अंगणात सुक्या मासळीवर बसलेल्या कावळ्यांचा.

तो तू नव्हतास. ती पाल होती. एवढे मला आता स्पष्ट दिसते, आणि हे मला माझ्या पोथ्यांनी शिकवलेले नाही.

आपल्या वादात कोण जिंकले, असे विचारू नकोस. माझी श्रद्धा आहे तेथेच आहे. परवा मी तुझे श्राद्ध यथासांग करणार आहे, आणि पिंड ठेवताना तुझे नाव मोठ्याने घेणार आहे. तू कोठे आहेस हे पिठाने मला सांगितले नाही, एवढेच. ज्याने ते सांगावे अशी माझी अपेक्षा होती, त्यावर एक पाल आपले पोट भरावयास आली आणि गेली. ते पाहताना मला तुझी जितकी आठवण झाली, तितकी त्या तीन रेघा पाहतानाही झाली नव्हती.

इंदूवहिनीला मघाशी हाक मारली होती. ती दारात येऊन उभी राहिली, उघडी टोपली पाहिली आणि तोंडावर हात धरला. “सोडतलास?” तिने विचारले. मी हो म्हटले. मग तिला बोलावून पालीचे पाऊल दाखवले. ती बसून पाहू लागली आणि म्हणाली, “शिरा पडो हिच्या तोंडार. इतक्या दिसांत हिकाच बरी वाट गावली.” आणि आम्ही दोघेही हसलो. ते मला तुला सांगावयाचे होते.

जामसंड्याला जावयाचे की नाही, ते मी कुसुमशी समोर बसून बोलेन. त्यात तुझी टोपली आडवी घालणार नाही. कदाचित जाईन, कदाचित चतुर्थीपर्यंत थांबेन. ती रागावेल, पण ती रागावली तरी दुपारी माझ्याशी बोलत तरी असेल.

आता वचन. परवा श्राद्ध झाले, पाने उचलली, की मी आणि कुसुम ते पीठ घेऊन किनाऱ्यावर जाऊ. ओहोटी असेल तर वाट पाहू. ओल्या वाळूच्या कडेला, जेथे पाणी नुकतेच मागे सरलेले असते आणि पाय ठेवला की नेमका ठसा राहतो, तेथे मी ते ठेवणार नाही. कोणती जागा गोष्टी राखून ठेवते हे तू मला नीट शिकवले आहेस, म्हणून ती टाळणे मला जमेल. भरती पुरती चढू देईन. गुडघाभर पाण्यात जाईन, कुसुमने मागून कितीही हाका मारल्या तरी. आणि जेथे लाट फुटते, जेथे खालची वाळू क्षणभरही एका जागी राहत नाही, तेथे ओंजळ उघडीन.

तुझा,
दादा